र आणि ह : दोन वर्णांचा ठावठिकाणा

भुदरगड तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की ‘गुऱ्हाळ’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. दोन बोटे कंठमण्यावर ठेवून तो सावकाश म्हणून पाहावा. ‘गु’ संपतो, जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकून सुटते, आणि नेमक्या त्याच वेळी कंठातला नाद बंद न पडता सैल होतो. त्यात श्वास मिसळतो. आधी र आणि मग ह असे दोन तुकडे बोटांना जाणवत नाहीत. बोटांखाली थरथर चालूच असते, फक्त तिचा पोत बदलतो.

गारगोटीच्या, म्हणजे याच तालुक्याच्या मुख्य गावच्या, बोलण्यात असे वर्ण जागोजाग आहेत. ‘कुठं ऱ्हातोस?’ या प्रश्नात शब्दाची सुरुवातच त्याने होते. ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘म्हंजे’ हे तर उठताबसता येणारे शब्द. ज्या शहराकडे इथली एस.टी. धावते त्या कोल्हापूरच्या नावातही ल्ह आहेच. यांतला प्रत्येक वर्ण कोणत्या ना कोणत्या काळच्या ध्वनिशास्त्रज्ञाला अडवून बसला आहे. जिभेची थरथर आणि घशातला श्वास यांना वर्णांच्या तक्त्यात कोणत्या घरात बसवायचे, हा वाद अडीच हजार वर्षे चालू आहे. त्याची हकीकत मराठी माणसाला विशेष जवळची वाटावी, कारण वादातले दोन्ही पक्ष आपल्या तोंडात एकत्र नांदतात.

वादाची सुरुवात वेदपठणातून झाली. प्रत्येक शाखेला आपली संहिता बिनचूक म्हटली जावी याची काळजी होती. त्या काळजीतून इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ तयार झाले. वर्ण तोंडात कुठे निपजतो ते स्थान, कोणत्या अवयवाने निपजतो ते करण, आणि कसा निपजतो तो प्रयत्न, अशी त्यांची मांडणी. हाताशी उपकरण काहीच नव्हते. स्वतःचे तोंड, स्वतःचा कान आणि समोर बसलेला शिष्य एवढ्या सामग्रीवर त्यांनी घशापासून ओठांपर्यंतची वाट आखून दिली. पहिलीच्या वर्गात टांगलेला क-च-ट-त-प हा तक्ता म्हणजे तीच वाट.

पाच वर्गांबद्दल फारसा वाद झाला नाही. त म्हणताना जीभ दातांना लागते आणि प म्हणताना ओठ मिटतात, हे कुणालाही कळते. र मात्र वेगळा निघाला. ऋक्प्रातिशाख्याने त्याला दातांच्या मुळाशी ठेवले, पण काही आचार्य त्याची जागा त्याहून वरच्या उंचवट्यावर मानतात अशी नोंदही केली. तैत्तिरीय प्रातिशाख्याने जास्त बारकाईने पाहिले. जिभेच्या टोकाचा मधला भाग दंतमुळांच्या मागे लागतो, असे त्याचे वर्णन आहे, आणि आज आरसा घेऊन बसले तरी त्यात फारशी दुरुस्ती सुचत नाही. वाजसनेयी प्रातिशाख्यही दंतमुळापाशीच थांबते. पाणिनीय शिक्षेने मात्र र उचलून ट-वर्गाच्या शेजारी, मूर्धन्यांत नेला. पुढे व्याकरण शिकणाऱ्यांच्या पिढ्यांनी हेच पाठ केले, आणि मराठी शाळेतही तेच आले.

इतके चांगले कान असलेल्या लोकांत हा मतभेद का पडला? माझ्या मते याचे उत्तर व्याकरणाच्या सोयीत आहे. संस्कृतात र किंवा ष मागे आला की पुढच्या न चा ण होतो. रामेण, कारण ही रोजची उदाहरणे. जो वर्ण दुसऱ्याला मूर्धन्य करतो तो स्वतः मूर्धन्य असला की नियम नीटनेटका दिसतो. प्रातिशाख्यांना पठण शिकवायचे होते, म्हणून त्यांनी जीभ पाहिली. व्याकरणपरंपरेला नियम बांधायचे होते, म्हणून तिने र ची करणी पाहिली. शिवाय र ची खरी ओळख तो कुठे निपजतो यापेक्षा तिथे काय घडते यात आहे. जीभ सैल धरून तिच्यावरून श्वासाचा झोत सोडला की टोक आपोआप चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा होणारी ही हालचाल कोणताही स्नायू मुद्दाम करू शकत नाही. वाऱ्यात पताका फडफडावी तशी ती होते. मराठीत दोन स्वरांमधला र एका ठोक्यावर भागतो. तान्ह्या मुलाला ‘भुर्र’ म्हणून पाखरू दाखवताना मात्र तीच जीभ चार-पाच ठोके घेते. म्हणून आजचे ध्वनिशास्त्र एका ठोक्याच्या वर्णाला ताडित आणि अनेक ठोक्यांच्या वर्णाला कंपित म्हणून वेगळे ठेवते.

ह ची अडचण याहून खोल होती. त्याचे स्थान कंठ म्हणावे, तर कंठात जीभ पोहोचत नाही. मग करण कोणते? ऋक्प्रातिशाख्य त्याला कंठ्य म्हणते आणि काहींच्या मते तो उरस्य, म्हणजे छातीतला, असेही नोंदवते. तैत्तिरीय प्रातिशाख्याने इथे जे केले त्याला माझ्या दृष्टीने साऱ्या प्राचीन ध्वनिशास्त्रात तोड नाही. कंठ मिटलेला असताना नाद होतो, उघडा असताना श्वास निघतो, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत ह होतो, असे त्याने सांगितले. घ, झ, भ यांसारख्या घोष महाप्राणांतही हाच मधला ध्वनी असतो, हेही त्याने ओळखले. ह ला जागा देण्याऐवजी त्याने कंठाची अवस्था सांगितली.

पाणिनीय शिक्षेत आणखी एक नियम आहे, आणि तो वाचताना कोल्हापूरकडच्या माणसाने थबकावे. ह एकटा असेल तर कंठ्य; पण अनुनासिकांशी किंवा य-र-ल-व यांच्याशी जोडून आला तर तो उरस्य समजावा. आता आपली यादी पाहा : म्ह, न्ह, ण्ह, ऱ्ह, ल्ह, व्ह. अनुनासिके आणि अंतःस्थ, नेमके तेच गट. संस्कृतात ह आधी लिहितात, ब्राह्मण, आह्लाद, जिह्वा. मराठी जिभेने तो मागे घेतला आणि ब्राम्हण, आल्हाद, जिव्हा असे म्हटले. क्रम उलटला, तरी शिक्षाकाराने हेरलेली जवळीक तशीच राहिली. या वर्णांत ह वेगळा उभा राहत नाही, शेजाऱ्याच्या अंगभर पसरतो. तो छातीतून आल्यासारखा वाटणे साहजिकच आहे.

क-वर्गाचे कोडे त्या मानाने लवकर सुटते. शाळेत क, ख, ग, घ, ङ कंठ्य म्हणून शिकवतात, पण जीभ तिथे टेकते ती टाळूच्या मागच्या मऊ भागाला. कंठ त्याच्याही खाली राहतो. जुन्यांना हे ठाऊक होते. ऋक्प्रातिशाख्य क-वर्गाला जिह्वामूलीय म्हणते आणि पाणिनीय शिक्षाही क-वर्ग जिव्हामुळाशीच ठेवते. अ, ह, विसर्ग आणि क-वर्ग यांची एकच मोट बांधून साऱ्यांना कंठ्य म्हणण्याची प्रथा नंतरची. पाठांतराला सोपी म्हणून तीच टिकली.

घशाच्या वर्णांची खरी मोजदाद दुसरीकडे झाली. आठव्या शतकात बसरा शहरात खलील इब्न अहमद यांनी अरबी शब्दकोश रचायला घेतला आणि अक्षरांचा रूढ क्रम बाजूला ठेवून घशाच्या तळापासून ओठांकडे येणारा क्रम लावला. कोशाचे नावच ‘किताब अल्-ऐन’ पडले, कारण सुरुवात ऐन या घशातल्या अक्षराने होते. घशाकडून ओठांकडे ही दिशा आपल्या वर्णमालेचीही आहे. त्यामुळे भारतातून काही विचार तिकडे गेला असावा असा तर्क अनेकांनी केला, पण तो सिद्ध झालेला नाही. खलील यांचे शिष्य सीबवैही यांनी उच्चारणाची सोळा स्थाने मोजली. त्यांपैकी तीन एकट्या घशात : खालचे, मधले आणि तोंडाजवळचे. तिथे सात अक्षरे बसवली. क़ाफ आणि काफ मात्र त्यांनी घशाबाहेर, जिभेच्या मागच्या भागापाशी ठेवले, आणि त्या दोघांतही मागचा-पुढचा असा भेद केला. र साठी त्यांनी ‘पुनरावृत्त’ असा वेगळा गुणच सांगितला. म्हणजे तो कंपित आहे हे स्थानापासून सोडवून वेगळे नोंदवले. पुढे कुराणपठणाच्या शास्त्रात हे कंपन आवरून धरावे, ठोके वाढू देऊ नयेत, अशी शिस्त आली.

त्या घशाच्या अक्षरांनी आणि क़ाफने भरलेले शब्द आदिलशाहीच्या कारभारातून आपल्या गावांत आले आणि आजही कचेरीत चालतात. अर्जातला ऐन, हक्कातला मोठा हे आणि क़ाफ, दाखल्यातला खे, खुद्द ‘तालुका’ या शब्दातले ऐन आणि क़ाफ. भुदरगडच्या जिभेवर यांतला एकही घशाचा ध्वनी राहिला नाही. ऐन गळून गेला, क़ाफाचा क झाला. फारसी बोलणाऱ्यांनी ऐन आधीच सोडला होता, उरलेले काम मराठीने केले. मराठीचा स्वतःचा घशाचा वर्ण एकच, ह, आणि हक्कातल्या मोठ्या हे ने त्याच्याशीच जुळवून घेतले.

युरोपात ही जाण उशिरा आली. 1670 मध्ये फ्रेंच नाटककार मोलियरने आपल्या एका नाटकात तत्त्वज्ञानाच्या मास्तराकडून र चा पाठ देवविला आहे. तिथे जिभेचे टोक टाळूकडे नेऊन थरथरवायला सांगितले आहे. पुढच्या काळात फ्रेंच र घशाकडे सरकला आणि पॅरिसमध्ये तो पडजिभेपाशी होऊ लागला. र ला एकच कायमचे स्थान नसते, याचा असा पुरावा एका भाषेच्या इतिहासातच मिळतो.

विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याबद्दल भाषण केले, आणि पुढे प्रातिशाख्ये-शिक्षा पाश्चात्त्य अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या. 1855 मध्ये गायनशिक्षक मान्युएल गार्सिया यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणे मांडली. दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून त्यांनी स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप पाहिली होती. ज्या कंठाबद्दल आपले आचार्य इतके अचूक बोलले होते, तो आता डोळ्यांना दिसू लागला. तरी 1871 मध्ये तैत्तिरीय प्रातिशाख्याचे संपादन करताना अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांना श्वास आणि नाद यांच्यामधली तिसरी अवस्था पटेना. कंठ एक तर नाद करील किंवा नुसता श्वास सोडील, असे त्यांना वाटत होते. व्हिटनींच्या मातृभाषेत घ-भ नाहीत आणि ह बहुधा अघोष. जे कानाला सवयीचे नाही ते ग्रंथात वाचून उमगत नाही. 1929 मध्ये सिद्धेश्वर वर्मा यांनी भारतीय वैयाकरणांच्या ध्वनिनिरीक्षणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, 1953 मध्ये डब्ल्यू. एस. ॲलन यांनी त्याच विषयाचा पुन्हा सांगोपांग विचार केला, आणि प्रातिशाख्याची बाजू उचलून धरली गेली. पुढे घशात बारीक दुर्बीण सोडून पाहता आले, तेव्हा स्वरतंतू एकीकडे कंप पावत असतानाच दुसरीकडे फट राहून श्वास निसटतो, असे प्रत्यक्ष दिसले. हीच ती मधली अवस्था.

1886 मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी जी संस्था काढली तिचीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषद झाली. तिच्या तक्त्यात उभ्या रांगा स्थानांच्या आणि आडव्या रांगा प्रयत्नांच्या. कंपितांना एक आडवी रांग मिळाली आणि त्यांत ओठ, जिभेचे टोक आणि पडजीभ अशी तीन घरे भरली गेली. यांतले ओठांचे घर भरायला 1989 ची कील येथील बैठक उजाडावी लागली. तिथेच घशाच्या अगदी तळाशी, कंठच्छदाजवळ होणाऱ्या वर्णांनाही चिन्हे मिळाली, पण ती मुख्य तक्त्याबाहेर ‘इतर’ म्हणून ठेवली.

मराठीत दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये आले, आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीवरील फ्रेंच ग्रंथाचे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 मध्ये भाषांतर केले, आणि ना. गो. कालेलकरांच्या ‘ध्वनिविचारा’ने नवे ध्वनिशास्त्र थेट मराठी वाक्यांत आणले. पण मला इथे अधिक आठवतात ते अमृत माधव घाटगे. अर्धमागधीचे हे पंडित. त्यांचे त्या भाषेचे प्रवेशपुस्तक कोल्हापूरच्याच प्रकाशकाने काढले होते. पुढे साठच्या दशकात त्यांनी मराठी बोलींच्या पाहणीची पुस्तकमाला हाती घेतली. दक्षिण कानडातली कोंकणी 1963 मध्ये, कुडाळी 1965 मध्ये. भुदरगडातल्या पाटगावच्या पुढे सह्याद्रीची कडा उतरली की लागतो तो कुडाळचाच मुलूख. प्राकृताच्या पोथ्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाने घाटाखालच्या माणसांच्या तोंडचे वर्ण एकेक करून टिपावेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रातिशाख्यकारांचे कामही याच जातीचे होते.

आणि मूर्धन्य र? पाणिनीय शिक्षेने सांगितलेला हा वर्ण निव्वळ सोयीचा, असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो निलगिरीत सापडला. तोडा लोकांची भाषा भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1930 च्या दशकात तिथे राहून अभ्यासली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेले पेरी भास्करराव आणि कॅलिफोर्नियाचे पीटर लॅडफोगेड यांनी स्पायिच यांच्यासह 1996 मध्ये तोडातल्या कंपितांवर निबंध प्रसिद्ध केला. तोडात र ची तीन स्थाने आहेत : दातांजवळचा, हिरडीवरचा आणि जीभ मागे वळवून केलेला मूर्धन्य. तिन्हींचे साधे आणि तालव्य असे दोन-दोन प्रकार, म्हणजे एकूण सहा र, आणि त्यांनी शब्दाचा अर्थ बदलतो. जगात असे क्वचितच आढळते.

आपल्या सीमेवरही एकेकाळी दोन र होते. कोल्हापूरच्या शिलाहारांचे अनेक शिलालेख कन्नडात आहेत, आणि जुन्या कन्नडात साध्या र बरोबर एक कडक र स्वतंत्र अक्षराने लिहीत. बोलण्यातून तो पुढे लोपला. द्रविड भाषांतला असा र देवनागरीत दाखवण्यासाठी र खाली टिंब देण्याची पद्धत पडली, आणि युनिकोडने त्याला 0931 हा क्रमांक दिला. मराठीला दर्या आणि दऱ्या यांत फरक करायचा असतो. समुद्राचा दर्या ‘दर्’ वर आघात घेऊन फुटतो. भुदरगडच्या पायथ्याच्या दऱ्या ‘द’ वर अलगद सुटतात. त्या दुसऱ्या अर्ध्या र ची आडवी खूण संगणकावर उमटवायची वेळ आली, तेव्हा युनिकोडने ती याच टिंबवाल्या र पासून काढली. आज आपण दऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड टंकतो तेव्हा यंत्रात नोंद होते ती त्या द्रविड र ची.

थरथर आणि घसा यांची गाठ अखेर कॅनडात पडली. तिथले ध्वनिशास्त्रज्ञ जॉन एसलिंग यांनी वर्षानुवर्षे घशात दुर्बीण सोडून वेगवेगळ्या भाषिकांचे कंठ पाहिले. कील येथे चिन्हे मिळालेले ते कंठच्छदाजवळचे वर्ण वेगळ्या स्थानाचे नसून घशातलेच कंपित आहेत, असे त्यांचे म्हणणे. स्वरतंतूंच्या वरच्या घड्या तिथे जिभेच्या टोकासारख्याच फडफडतात. म्हणून त्यांना ‘इतर’ मधून काढून कंपितांच्या रांगेत, घशाच्या घरात ठेवावे, असे त्यांनी 2010 मध्ये सुचवले. ही सूचना पटण्यासारखी आहे. तीत स्थान आणि घटना वेगवेगळ्या धरल्या आहेत, आणि प्रातिशाख्यांपासूनचा सगळा घोळ या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळेच झाला होता. तरी परिषदेचा अधिकृत तक्ता बदललेला नाही.

त्याच तक्त्यात मराठी ऱ्ह ला स्वतःचे घर नाही. र चे चिन्ह लिहून त्याखाली सश्वास नादाचे दोन ठिपके देतात, एवढीच सोय. म्हणजे जीभ र ची आणि कंठ ह चा, एकाच वेळी. वर्ण एक की दोन, यावर भाषाशास्त्रज्ञ अजून दोन्ही बाजूंनी लिहितात. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात, 1952 मध्ये जे. पी. नाईकांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेत, आचार्य जावडेकर शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला वर्गात हा प्रश्न येतोच, कारण मुले ‘ऱ्हातो’ म्हणतात आणि पुस्तकात ‘राहतो’ असते. मराठी छंदशास्त्राने आपल्यापुरता कौल कधीच दिला आहे. जोडाक्षरामागचे अक्षर गुरू धरावे हा नियम. पण ‘तुम्ही’तला तु, ‘पुन्हा’तला पु आणि ‘कुऱ्हाड’मधला कु लघुच मोजतात, कारण पुढच्या वर्णाचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही.